हिरव्या ठिपक्याखालचा ॲशट्रे

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मला सवय आहे. मी एक जुना, मातीचा ॲशट्रे आहे. विझवलेल्या सिगारेटींचा वास माझ्या अंगात इतका मुरला आहे, की मला नदीत बुडवून ठेवलं तरी मासे दूर पळतील. पण एवढं सांगतो. माझ्यापेक्षा घाण वासाची माणसं मी पाहिली आहेत, आणि ती रोज अत्तर लावून कचेरीत येत होती.

माझा जन्म जावा बेटावरच्या एका कुंभारगावात झाला. कार्सी नावाच्या म्हातारीने मला चाकावर घडवलं. चाक फिरवताना ती देवाचं नाव गुणगुणायची, आणि तिच्या बोटांमधून ते माझ्या मातीत उतरायचं. तिला माझी चटणीची वाटी करायची होती. पण दारात व्यापारी उभा होता.

"अहो आजी, वाट्या कोण घेतं आता? कडेला तीन खाचा पाडा. सरकारी कचेऱ्या पोत्याने घेतील!"

"खाचा कशाला रे?"

"सिगारेट टेकवायला."

म्हातारीने सुरी उचलली, पण ती जरा थांबली. मग माझ्या ओल्या काठाला तीन खाचा पाडून तिने मला उन्हात ठेवलं आणि ती पुन्हा गुणगुणू लागली. पण आता तिचा सूर बदलला होता. वाटीला खाच पडली की तिच्यात पुन्हा कुणी चटणी वाढत नाही, हे मला भट्टीत जाण्याआधीच कळलं.

मी केदुंगमलातीच्या तालुका कचेरीत आलो. तिथे सागवानी टेबल असलेलं मोठं सभागृह होतं. आमच्याकडे पाहुणा आला की गोड चहा येतो, उकडलेले शेंगदाणे येतात, केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात येतो. त्याच्याबरोबर काचेच्या पेल्यात उभ्या रचलेल्या लवंगेच्या सिगारेटी येतात, आणि पेल्याशेजारी मी. ॲशट्रेशिवाय टेबल मांडणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवण्यासारखं समजतात. पाहुणे मला उचलून बघत. "वा, काय सुरेख काम आहे!" असं म्हणत आणि माझ्या पोटात निखारा चिरडत. मित्रांनो, जगात माझं जे काही कौतुक झालं, ते सगळं असं झालं. असलं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

या कचेरीचे मुख्य साहेब म्हणजे पाक विर्योनो. मोठ्या पुरुषाला आमच्याकडे पाक म्हणतात आणि मोठ्या बाईला बू. साहेबांचा आवाज गोड, मिशी कोरलेली, आणि दोन बोटं कायम पिवळी. सभागृहाच्या दाराशी बू सुमिरा बसायची. ती लोकांना रहिवासाचे दाखले करून द्यायची. तिने आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती, पण सभागृहातला सगळा धूर बाहेर जाताना तिच्याच टेबलावरून जायचा.

मित्रांनो, या बाईबद्दल बोलताना माझा आवाज जरा बदलेल, सांभाळून घ्या.

दर गुरुवारी संध्याकाळी, कचेरीमागच्या नमाजघराच्या ओसरीवर, बू सुमिरा बायकांना गाऊन धर्मकथा सांगायची. पाच-सहा बायका डफ घेऊन बसत आणि बाकीच्या लेकरं मांडीवर घेऊन. बू आधी साध्या बोलण्यात सुरुवात करी. आज बाजारात मिरची केवढ्याला झाली, कुणाची सून रुसली. बायका हसत. मग बोलता बोलता तिचा शब्द असा उचलला जाई, की तो गाणं कधी झाला ते कळतच नसे. अय्यूब नबीची कथा ती सांगायची. अंगाला किडे पडले, माणसं सोडून गेली, तरी ज्याने देवाला दोष दिला नाही, तो हा देवाचा प्रेषित. बू "या रब्बी", म्हणजे हे माझ्या देवा, अशी हाक घाली, तेव्हा ओसरीवरच्या रडक्या पोराचंही तोंड बंद होई. खिडकीतून तो सूर सभागृहात येई. दिवसभर निखारे सोसून काळा पडलेला मी त्या सुराने आतून धुतला जाई. माझ्या पोटातल्या राखेत देवाचं नाव पडत होतं. मला दुसरं काय हवं होतं?

मग कायदा आला. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, बाजार, कुठेही तंबाखू ओढायची नाही. भिंतीवर लाल गोलाचा फलक लागला. त्याखाली पाक विर्योनोंनी एक हात छातीवर आणि एक पाठीमागे ठेवून फोटो काढून घेतला. पाठीमागच्या हातात काय होतं हे मी सांगायला नको. फोटोत त्यांच्या खांद्यामागून धुराची एक नाजूक रेघ वर चढली आहे. लोकांना वाटतं, फोटो खराब आला.

कायदा पाळला जातो की नाही, हे बघायला जिल्ह्याने एक सामायिक डेटाबेस केला. पूर्वी आरोग्य खात्याची माहिती आरोग्याच्या कपाटात, शाळांची शाळांच्या, कायदा राबवणाऱ्या गस्तीवाल्यांची त्यांच्या, आणि कुणाची कुणाला खबर नसे. आता सगळ्या नोंदी एकाच जागी आल्या. जिल्ह्याच्या नकाशावर प्रत्येक कचेरीचा एक ठिपका. कायदा पाळला तर हिरवा, थोडा मोडला तर पिवळा, सर्रास मोडला तर लाल. हा नकाशा सगळ्या खात्यांना, अगदी प्रांताच्या राजधानीलाही, एकाच वेळी दिसायचा. एकदा पाठवलेली नोंद कुणाला पुसता येत नसे. कल्पना चांगली होती, मित्रांनो, देवाशपथ चांगली होती. दहा डोळ्यांनी मिळून बघावं, एकाने काणाडोळा केला तर दुसऱ्याला दिसावं, म्हणून ती होती.

पण बघायला माणसं कोण आली? शेजारच्या तालुक्याची. त्यांनी आमची कचेरी तपासायची, आमच्यांनी त्यांची. आणि आमच्याकडे न सांगता कुणाच्या दारात जाणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा. यजमानाची फजिती झाली तर पाहुण्यालाच तोंड लपवावं लागतं. म्हणून तपासनीस आधी फोन करत.

"पाक, उद्या सकाळी येतोय हं तपासणीला. तुमची उगाच धावपळ नको."

"या, या! तळलेली केळी आवडतात ना तुम्हाला?"

"अहो, कशाला त्रास... मिरची थोडी जास्त ठेवा चटणीत."

काय ही माणुसकी! चोराच्या घरी पोलिसाने आधी निरोप धाडावा आणि वर चटणीची फर्माईश करावी.

निरोप आला की शिपाई कासदी आम्हा सगळ्या ॲशट्रेंना टोपलीत गोळा करी आणि नमाजघराच्या कपाटात कोंबी. त्या कपाटात बायकांचे पांढरे शुभ्र झगे असत. नमाजाला उभं राहताना त्या अंगभर ओढून घेतात ते. "तिथे कोण उघडून बघणार?" असं साहेबांनीच सुचवलं होतं. ज्या कापडात माणूस देवासमोर उभा राहतो, त्याच्या घड्यांमागे माझी राख लपवली. माझ्यावर हजारो सिगारेटी चिरडल्या गेल्या. पण मला लाज वाटली ती तेव्हाच.

बाहेर तपासनीस तळलेली केळी खात प्रश्न वाचत. फलक आहे का? आहे. कुणी ओढताना दिसलं का? नाही. वास येतो का? इथे ते जरा खाकरत, आणि "नाही" लिहीत, कारण वासाचा फोटो निघत नाही. ॲशट्रे आहे का? सरकारने माझ्याबद्दल विचारलेला हा आयुष्यातला एकमेव प्रश्न, आणि त्याचं उत्तर दर खेपेला खोटं. मी नाही, असं खुद्द सरकारदरबारी लिहिलेलं आहे, मित्रांनो! मग ठिपका हिरवा होई. तपासनीस जीपमध्ये बसून फाटकाबाहेर पडायच्या आत पाक विर्योनोंची काडी पेटलेली असे.

बू सुमिराला खोकला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर. दुपारच्या नमाजाला ती कपाटातला झगा अंगावर घेई, आणि त्यातला वास छातीत गेला की सजद्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं असतानाच, खोकत बसे. एका गुरुवारी अय्यूब नबीची कथा सांगताना "या रब्बी" अर्ध्यावर तुटलं. डफ वाजत राहिले, पण सूर पुढे येईना. बायका खाली बघू लागल्या. छातीच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, "बू, धुरातून बाहेर निघा. नाहीतर आधी गाणं जाईल, मग जिना चढणंही जाईल." पैगंबरांच्या जन्मदिवसाचा उत्सव महिन्यावर आला होता, आणि त्या रात्रीची कथा बूने सांगायची हे सगळ्या गावाने गृहीत धरलं होतं.

ती साहेबांकडे आली. मी टेबलावरच होतो.

"पाक, माझं टेबल मागच्या खोलीत हलवता का? डॉक्टरांनी धुरात बसू नका सांगितलंय."

"धूर?" साहेबांनी सिगारेट शांतपणे माझ्या खाचेत टेकवली. "कुठला धूर, बू?"

"हा... हा काय, पाक."

साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. हिरवं. सबंध जिल्हा बघतो हे, आरोग्य खातंसुद्धा. धूर असता तर इथे दिसला नसता? आणि धुरामुळे टेबल हलवलं असं मी लिहिलं, तर उद्या ठिपका पिवळा. यंदा तंबाखूमुक्त कचेरीच्या बक्षिसाला आपलं नाव आहे, कळतंय ना? तुम्ही गाता फार. घसा बसणारच. आल्याचं पाणी प्या."

माझ्या खाचेतून धूर सरळ तिच्या तोंडावर जात होता. मला हलता आलं असतं तर मी टेबलावरून उडी मारून फुटलो असतो.

बूने मग जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला फोन लावला. पलीकडून म्बाक लारास बोलत होती. म्बाक म्हणजे आपली ताई. ही मुलगी डेटाबेसचं काम बघायची.

"बू, मी आत्ता तुमचीच कचेरी उघडून बसलेय. जिल्ह्यात पहिली आहे हो. सगळं हिरवं."

"तुमच्या पडद्याला ऐकू येतं का, बाळ?"

"म्हणजे?"

बू फोनमध्ये खोकली. बराच वेळ खोकली. मग लारास हळूच म्हणाली, "बू, नोंदीशिवाय मला काही करता येत नाही. पण बक्षिसाच्या पाहणीला मीही येतेय. डोळे उघडे ठेवीन."

पाहणीचा दिवस आला. प्रांताच्या राजधानीहून पाक हाजी बसुनी आले. डोक्यावर काळी टोपी, चेहरा शांत, बोलणं कमी. त्यांच्याबरोबर लारास, हातात फोटो पाठवायचं यंत्र. आम्ही आदल्या दुपारपासूनच कपाटात. पाक विर्योनोंनी भाषण केलं. "आमच्या कचेरीत तंबाखू हा शब्दसुद्धा उच्चारला जात नाही," असं म्हणून झाल्यावर त्यांनी तो शब्द आणखी खूपदा उच्चारला. मग जेवण झालं. चिंचेचं सार, भाजलेला मासा, केळी.

जेवण झालं आणि पाक हाजी बसुनी खिसे चाचपू लागले. आधी सदऱ्याचा, मग विजारीचा, मग पुन्हा सदऱ्याचा.

मित्रांनो, आमच्या गावात जेवलेला पाहुणा खिसे चाचपू लागला तर त्याला काय हवं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि यजमानाने ते तोंडातून मागायला लावलं, तर त्या घरावर कायमचा बट्टा लागतो. आयुष्यभराचा शिष्टाचार पाक विर्योनोंच्या अंगात एकदम जागा झाला. कायदा, बक्षीस, ठिपका, सगळं विसरून ते ओरडले,

"अरे कासदी! पाहुण्यांना ॲशट्रे आण! चांगला आण, तो मातीचा! आणि पेला!"

कासदी हुकमाचा ताबेदार. धावत नमाजघरात आला. बू सुमिरा तिथेच झग्याची घडी घालत होती. त्याने कपाट उघडून मला बाहेर काढलं.

"कासदी, आत्ता? बाहेर ते लोक आहेत ना?"

"साहेबांनीच मागितलाय, बू."

"कुणासाठी?"

"राजधानीच्या पाहुण्यांसाठी!"

बूने हातातली घडी खाली ठेवली. मग डोक्यावरच्या ओढणीने हसू झाकून म्हणाली, "ने बाबा. दोन्ही हातांनी ने. पाहुणे मोठे आहेत."

कासदीने मला बाहीने पुसलं आणि सिगारेटींच्या पेल्यासकट पाक हाजींपुढे ठेवलं, वाकून, बोट न दाखवता, आमच्या रीतीप्रमाणे उजव्या अंगठ्याने अदबीने दाखवत. पाक विर्योनो काडी पेटवून, दोन्ही हात पुढे करून उभे. मागे भिंतीवर लाल गोलाचा फलक. लारासला सभागृहाच्या टेबलाचा फोटो तेवढा पाठवायचा राहिला होता. तिने काढला आणि पाठवला.

पाक हाजींनी माझ्याकडे पाहिलं, काडीकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"आपल्यासाठी, पाक. जेवणानंतर... आपण शोधत होता..."

"मी चष्मा शोधत होतो."

चष्मा त्यांच्या टोपीवर चढवलेला होता.

काडी पाक विर्योनोंच्या बोटापर्यंत जळत आली. "आई गं!" म्हणून त्यांनी ती टाकली, आणि कुठे टाकली? माझ्यातच! सवय हो, दुसरं काय.

मग ते लारासकडे धावले. "म्बाक, तो फोटो पुसा. लवकर पुसा."

"पाक, तो गेला."

"कुठे गेला?"

"सामायिक आहे ना, पाक. सगळीकडे."

ती असं म्हणतेय तोवर साहेबांचा फोन वाजला. शेजारच्या तालुक्याचे साहेब. आवाज इतका मोठा की सगळ्यांना ऐकू गेला. "काय हो पाक, ॲशट्रे झकास आहे तुमचा! आमच्या तपासणीत कसा दिसला नाही?" मग शिक्षण खात्याचा फोन. मग गस्तीवाल्यांचा. ज्या डोळ्यांनी कधीच काही पाहिलं नव्हतं, ते सगळे एका झटक्यात उघडले होते आणि माझ्याकडे बघत होते. मी, जो सरकारच्या लेखी कधी नव्हतोच!

पाक हाजी उठले. "हा आला कुठून?"

कासदीला खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो खरं बोलला. "नमाजघराच्या कपाटातून, पाक. तपासणीला हे सगळे तिथेच असतात."

पाक हाजी नमाजघरात गेले. एक पांढरा झगा नाकाशी नेला आणि हळूच खाली ठेवला. बू सुमिरा कोपऱ्यात खोकत उभी होती.

"बू, आपण आजारी आहात?"

"मी? छे, पाक," बू म्हणाली. "डेटाबेसप्रमाणे मी ठणठणीत आहे."

पाक हाजींनी मान खाली घातली. त्या दिवशी कचेरीत मान खाली घालणारे ते एकटेच, आणि ती घालायचं कारण त्या सगळ्यांमध्ये त्यांनाच सर्वांत कमी होतं.

संध्याकाळपर्यंत ठिपका लाल झाला. बक्षीस गेलं. जिल्ह्याने नियम बदलला. आधी फोन करून तपासणी नाही, आणि आपल्याला तपासणाऱ्याची तपासणी आपण करायची नाही. शिवाय कुणीही साधा माणूस फोटोसह तक्रार थेट डेटाबेसात टाकू शकेल. पाक विर्योनो दुसऱ्या कचेरीत गेले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "मला माझ्या पाहुणचाराने दगा दिला." चुकलं ते काय, हे त्यांना अजून कळलेलं नाही. देव त्यांना सुबुद्धी देवो, आणि तोवर त्यांना खिडकीजवळ बसवो.

सभागृहाच्या खिडक्या उघडल्या. झगे गरम पाण्यात उकळून उन्हात घातले. आम्हा ॲशट्रेंना फोडायचं ठरलं. कासदी पहार घेऊन आला तेव्हा बू सुमिरा म्हणाली, "हा मातीचा मला दे."

"कशाला, बू? ह्याच्यापायी तर तुमची छाती गेली."

"ह्याच्यापायी नाही रे. ह्याला कुणी विचारलं होतं?"

मित्रांनो, सबंध आयुष्यात माझी बाजू घेऊन बोलली गेलेली ही दोन वाक्यं. मी ती जपून ठेवली आहेत.

बूने मला लिंबाने घासलं, राखेने घासलं, तीन दिवस पाण्यात ठेवलं. मग कोंबड्यांना पाणी प्यायला म्हणून नमाजघराला लागून असलेल्या आपल्या अंगणात मांडलं. तिची तांबडी कोंबडी आली. मान तिरकी केली, माझ्या काठाशी चोच आणली, वास घेतला, आणि पिसं फुलवून निघून गेली. मित्रांनो, मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी मनोमन तिला सलाम केला. किती तपासनीस आले! शिकलेले, शिक्के असलेले, जीपमधून आलेले. आणि इतक्या वर्षांत खरी तपासणी केली ती या कोंबडीने. फोन न करता आली, तळलेलं केळं मागितलं नाही, आणि वास येतो तर येतो म्हणून गेली.

बू रोज मला पुन्हा धूत राहिली.

पैगंबरांच्या जन्मदिवशी ओसरी भरून गेली होती. बू बसूनच गायली. तिची छाती पहिल्यासारखी झालेली नाही. डॉक्टर म्हणतात, पुरती होणारही नाही. अय्यूब नबीच्या कथेत "या रब्बी" आलं आणि तिचा श्वास पुन्हा अर्ध्यावर संपला. पण या वेळी कुणी खाली पाहिलं नाही. डफवाल्या बायकांनी ती ओळ तिच्या तोंडातून अलगद उचलली, पुढे नेली, आणि तिचा श्वास परत येईपर्यंत धरून ठेवली. मला कुंपणापलीकडून सगळं ऐकू येत होतं.

म्हणून मित्रांनो, जाताना एवढंच मागतो. कुठल्याही पडद्यावर हिरवा ठिपका दिसला, तर त्या ठिपक्याखाली कुणीतरी बसलेलं आहे, हे विसरू नका. तिथे जा. न सांगता जा. आणि नाक बरोबर न्या.

काल दुपारी ऊन फार होतं. तांबडी कोंबडी पुन्हा आली. मान तिरकी केली. वास घेतला. जरा थांबली. मी श्वास रोखून धरला.

आणि ती प्यायली.